सकाळची भाकरी आत्ता कुठंय?

मगदूम सरांच्या तासाला हजेरी नंतर व्हायची, भाकरी आधी. वर्गात पाऊल टाकतानाच त्यांचं बोट कुणावर तरी रोखलेलं असायचं.

"अस्लम, सकाळची भाकरी आत्ता कुठंय?"

"जठरात, सर."

"खाल्लीस कधी?"

"शाळेला यायच्या आधी. सातला."

"आणि आत्ता झाली दुपार. एवढा वेळ जठरात काय झोपा काढायला लागलीय व्हय ती? पुढं ढकल की."

"लहान आतड्यात, सर."

"हां. बस."

एखादा सकाळपासून उपाशी आलेला असला तर त्याला उत्तर देता यायचं नाही. सर त्याला पुन्हा काही विचारायचे नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र त्याला स्टाफरूममध्ये बोलावणं यायचं, आणि सरांच्या डब्यातली अर्धी पोळी खाऊन तो परत यायचा. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्यालाच.

कोल्हापूरच्या वेशीवर, पन्हाळा रोडला, जिथं ऊस संपून घरं सुरू होतात तिथं आमची शाळा होती. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सर सातवीला विज्ञान शिकवायचे. पुस्तकात पचनसंस्थेला एकच धडा होता, सरांनी तो वर्षभर पुरवला. हृदयाविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "हृदयावर सगळ्यांनी गाणी लिहून ठेवलीत," ते म्हणायचे, "आतड्यावर एक ओळ दाखवा. आणि राबतंय कोण?" माझ्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. वडील फौंड्रीतल्या कामगारांचे मोर्चे काढायचे आणि माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा उरलेल्या पत्रकांची असायची. राबणाऱ्याची बाजू घेणारा माणूस मला लांबून ओळखू यायचा. हे सर आमच्यातलेच आहेत असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

दिसायला सर आमच्यातले अजिबात नव्हते. शेतीवाडी असलेल्या जैन घरातले. बारीक चणीचे, पांढरी टोपी, चपला नेहमी एकाच बाजूनं झिजलेल्या. थंडीत एक निळा स्वेटर घालायचे आणि फळा भरला की खडूनं त्या स्वेटरवरच जठर काढायचे. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, चंबूसारखं. उजवीकडं यकृत. खाली वळणावळणांचं लहान आतडं आणि त्याला कुंपण घातल्यासारखं मोठं आतडं. तास संपला की सगळं पुसायला विसरायचे. तशाच अवतारात ते एसटीत चढले तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, हे काय काढलंय अंगावर?" सर म्हणाले, "तुमच्यात बी हाय. तुमचं आतनं काढलंय."

त्या पहिल्या आठवड्यातच सरांनी सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणायला सांगितला. नुसता, कालवणाशिवाय. "तोंडात घाला आणि चावा. गिळायचं न्हाई. गोड लागाय लागली की हात वर करा." सरांनीही एक तुकडा तोंडात टाकला. सगळा वर्ग म्हशींसारखा रवंथ करत बसला. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, तांबडेलाल.

"ऑफिसची काच कुणी फोडली?"

कुणी बोलेना. बोलणार कसं, तोंडं भरलेली. मुख्याध्यापकांनी आवाज चढवला. "फोडणाऱ्यानं मुकाट्यानं हात वर करावा!" त्याच क्षणी मागच्या बाकावरच्या एकाची भाकरी गोड झाली. त्यानं हात वर केला. मग दुसऱ्यानं केला. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर गेले आणि शेवटी सरांचाही. मुख्याध्यापक सरांकडं बघतच राहिले. सरांनी घास गिळला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, लाळेनं पिठाची साखर केली." मुख्याध्यापक निघून गेले. काचेचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण पचन तोंडातच सुरू होतं हे त्या वर्गातलं कुणी आजही विसरलेलं नसेल.

अस्लमच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. आतड्याचा धडा आला तेव्हा त्यानं मोठ्या मनानं हात वर केला. "सर, उद्या पिशवीभर आणतो की. खरंखुरं." सरांनी डोळे मिटले. "नको रे बाबा. माझी आई मला घरात घेणार न्हाई." मग त्यांनी घरून बैलाचा कासरा आणला, लांबलचक. त्याचं एक टोक फळ्याशी धरलं आणि दुसरं टोक अस्लमच्या हातात देऊन त्याला चालायला लावलं. अस्लम वर्गाबाहेर पडला, व्हरांडा ओलांडला, तरी कासरा संपेना. "एवढं लहान आतडं तुझ्या पोटात हाय," सर ओरडून सांगत होते. मग तोच कासरा त्यांनी वेटोळी घालत एका छोट्या पिशवीत कोंबून दाखवला. आतड्याची आतली बाजू दाखवायला एक धोतराचा तुकडा आणि एक लव असलेला टॉवेल बादलीत बुडवला, आणि दोन्ही पिळून पाणी दाखवलं. टॉवेलातून कितीतरी जास्त पाणी निघालं. "आतड्याला आतनं अशी लव असती. म्हणून सगळं शोषून घेती. उरलं ते मोठ्या आतड्यात, तिथं पाणी काढून घेतलं जातं, आणि मग बाहेर. पोट हे गोदाम न्हाई, पोरांनो. रस्ता हाय. इथं वस्तीला कुणी राहत न्हाई."

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की आम्ही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. त्या वाक्यावरच सर अडकले.

वैशाली माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील, बापू, माझ्या वडिलांच्याच फौंड्रीत होते. आई ती चौथीत असताना गेली. घरात आजी होती आणि शालन काकी, म्हणजे बापूंच्या वारलेल्या भावाची बायको. काकीला मूल नव्हतं. वैशालीचं सगळं तीच बघायची. रोज सकाळी लाल रिबिनी लावून दोन वेण्या घालून द्यायची. वैशाली त्यातल्या एका वेणीचं टोक दातात धरून गणितं सोडवायची.

दिवाळीनंतर वैशाली वाळायला लागली. डबा तसाच परत न्यायची, दोन घास खाल्ले की उलटी. पोटात दुखायचं. संक्रांतीपर्यंत तिचे गाल आत गेले. आजीनं कुणाकुणाला विचारलं आणि निदान पक्कं केलं: काकीनं दिवाळीच्या करंजीतून तिला करणी खायला घातली. स्वतःला मूल नाही, म्हणून जावेचं पोर डोळ्यात खुपलं. त्या दिवसापासून काकीला चुलीपाशी बंदी झाली. तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेईना.

गडहिंग्लजच्या पुढं, सीमेलगतच्या एका खेड्यात एक म्हातारा करणी काढायचा. पोटाला पितळी नळी लावून ओढायचा आणि स्वतःच्या तोंडातून केसांचा पुंजका नाही तर हळदीचा तुकडा बाहेर टाकायचा. शिमग्याआधीच्या अमावस्येला वैशालीला एसटीनं तिकडं न्यायचं ठरलं. आणि करणी निघाली की काकीनं घर सोडायचं. काकीला माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. आईवडील नव्हते, आणि भाऊ होता तो दिवाळीलासुद्धा बोलवायचा नाही.

हे वैशालीनंच मला सांगितलं, रडत. मी घरातल्या गठ्ठ्यातून करणीविरुद्धचं एक पत्रक काढलं आणि वर्गात सरांना नेऊन दिलं. त्यात ठळक अक्षरांत भोंदूंना जाहीर सवाल होते. सरांनी ते नीट वाचलं.

"बरं लिवलंय. पण हे भोंदूला लिवलंय. आज्जीला कोण लिवणार?" त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. "शाळा सुटल्यावर चला माझ्याबरोबर. अस्लम, तू पण."

बापूंच्या घरी आजी उंबऱ्यातच बसली होती. काकी आत दाराआड उभी होती, नुसता पदर दिसत होता. चहा आला तो आजीच्या हातचा. सरांनी करणी खोटी आहे वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "कवा घातली खायला?"

"दिवाळीत," आजी म्हणाली. "करंजीतनं. माझ्या डोळ्यादेखत दिली की तिनं पोरीला."

सर आमच्याकडं वळले. "अस्लम, काल रात्रीची भाकरी आत्ता कुठंय?"

"मोठ्या आतड्यात, सर."

"परवाची?"

"मागच्या परड्यात, सर."

बापू एकदम हसले. आजीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते हसणं तिथंच थांबलं. सर मात्र पुढं सरकून बसले. "मग दिवाळीची करंजी आत्ता कुठं असंल आज्जी?"

"ती साधी करंजी न्हवती मास्तर. मंतरलेली. ती जाग्याला चिकटून बसतीया."

"पोटात काय बी चिकटत न्हाई आज्जी. रोज सगळं पुढं ढकललं जातंय. मी वीस वर्षं हेच शिकवतोय." सर बापूंकडं बघून म्हणाले, "अमावस्येच्या आधी पोरीला शहरात सरकारी दवाखान्यात दाखवा. तिच्या पोटात दिवाळीपासनं बसलेलं काय निघालं, तर मी सोता तुमच्यासंगं गडहिंग्लजला येतो. नळीला तोंड लावायला."

"शब्द दिला?" आजीनं विचारलं.

"दिला."

दाराआडून काकी तेवढ्यात बोलली, पहिल्यांदाच. "मास्तर, मी काय बी घातलं न्हाय वो."

सरांनी तिकडं बघितलं आणि मान डोलावली.

दवाखान्यात पांढरं औषध पाजून वैशालीच्या पोटाचे फोटो काढले. जठरात काहीतरी मोठं होतं. लगेच ऑपरेशन करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी माझी आई पेशंटसोबत असलेल्यांसाठी डबा घेऊन निघाली, मी तिच्याबरोबर गेले. सर आमच्याआधी पोचले होते. ऑपरेशन नीट झालं होतं, वैशाली शुद्धीवर येत होती. पण व्हरांड्यात आजीचा आवाज घुमत होता.

"केस! केसाचा गोळा निघाला की वो मास्तर! मुठीत मावणार न्हाय एवढा! कुठं गेला तुमचा रस्ता? वस्तीला कुणी राहत न्हाय म्हणं! म्हाताऱ्याच्या नळीतनं निघतंय त्येच निघालं. आता चला गडहिंग्लजला. शब्द दिलाय तुमी."

बापू सरांच्या नजरेला नजर देत नव्हते. भिंतीकडं बघत म्हणाले, "शालनला सांगून आलोय सर. आज भावाकडं जा म्हटलंय."

सरांचं तोंड उतरलं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता ते डॉक्टरांवर किंवा आजीवर ओरडतील. आमच्या घरात हरायची वेळ आली की आवाज चढायचा. सर अगदी हळू म्हणाले, "मी बघितल्याशिवाय काय बोलणार न्हाई," आणि डॉक्टरांना विचारायला गेले.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी तो गोळा ट्रेमध्ये बाहेर आणला. वासानं आई मागं सरली. काळाकुट्ट, चकचकीत, चंबूच्या आकाराचा. एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूला निमुळता. सरांनी आयुष्यभर फळ्यावर आणि स्वेटरवर जे काढलं होतं, तेच तिथं केसांचं बनून पडलं होतं. जठराच्या साच्यातून ओतून काढावं तसं.

"हे विरघळलं कसं न्हाई?" सरांनी विचारलं.

"केसांवर आपला पाचकरस चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "निसटून पुढंही जात नाहीत. जठराच्या वळ्यांत अडकतात. एक अडकला की दुसरा त्यात गुंततो. असा गोळा व्हायला वर्षं लागतात, दिवाळीपासूनचा नाही हा."

"ऐकलं न्हवं," आजी म्हणाली, "वर्षानुवर्षं घालतीया."

सर ट्रेवर वाकले. नाकाला रुमाल नाही, काही नाही. त्यांनी चिमटा मागून घेतला आणि केस थोडे बाजूला केले. आत कुठंकुठं लाल काहीतरी होतं.

"आज्जी, इकडं या जरा."

"म्या न्हाय करणीला शिवणार."

"शिवू नका. नुसतं बघा. हे लाल काय हाय?"

आजी लांबूनच वाकली. "लाल दोरा. करणीचाच असतोय लाल दोरा."

"दोरा न्हाई. नीट बघा. पट्टी हाय. दोन्ही बाजूंनी कड हाय."

आजी जवळ आली. पदरानं नाक धरून तिनं डोळे बारीक केले. "रिबीन दिसतीया."

"वैशालीच्या रिबिनी घरात कोण आणतं?"

"आणि कोण आणणार? म्याच आणतो की दर बाजाराला. टिकतीत कुठं? चावून चावून भुगा करती भवानी. आई गेल्यापासनं येणीचं टोक म्हणून तोंडातनं..."

ती बोलायची थांबली. आजी आधी ट्रेकडं बघत राहिली, मग आत, वैशालीच्या खाटेकडं. मग हळूच खाली बसली, भिंतीला पाठ लावून.

"म्हंजी करंजीत काय न्हवतं म्हणा," ती म्हणाली.

"न्हवतं आज्जी."

बापूंनी डोक्याला हात लावला. "अगं आई गं, शालन!" म्हणाले, आणि जिना उतरून सायकलवर बसून गेले. पुढचं काकीनं नंतर माझ्या आईला सांगितलं. ती गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसली होती. भावाला निरोप गेला होता, पण तो आलाच नव्हता. बापू घामाघूम होऊन पोचले, सायकल अंगणात तशीच टाकली, गाठोडं उचललं आणि आत नेऊन तिच्या खोलीत ठेवलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. "पोरगी दवाखान्यात हाय, तिला पेज करून दे," एवढंच म्हणाले. काकी चुलीपाशी गेली.

पोरगी वाचली, बाईचं घर वाचलं. माझ्या घरच्यांच्या दृष्टीनं तो विजय होता. वडिलांनी त्याच संध्याकाळी नव्या पत्रकाचा मजकूर लिहायला घेतला. करणीचा पराभव, विज्ञानाचा जय. त्यात सरांचं कौतुकही होतं.

सोमवारी सर वर्गात आले. पहिला प्रश्न आलाच नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं: पोटात वस्तीला कुणी राहत नाही. त्यावर एक आडवी काट मारली.

"हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "वीस वर्षं चुकीचं शिकवलं. केस राहतात. म्हणजे आज्जीचं एक म्हणणं बरोबर होतं. पोटात काहीतरी हाय, आणि ते जात न्हाई. मी ऐकूनच घेतलं न्हाई. तिनं चूक केली ती कुणी घातलं हे ठरवण्यात. माझी चूक मोठी होती. ती रिबीन न्हाई घावली असती, तर माझ्या शब्दावर एक बाई रस्त्यावर आली असती."

मग अस्लमनं हात वर केला. "सर, मग तुम्ही गडहिंग्लजला जाणार?"

"शब्द दिला होता. मी एसटी स्टँडवर जायला तयार होतो." सर पहिल्यांदा हसले. "आज्जीनं तिकीट माफ केलं."

मी ते सगळं घरी सांगितलं. वडिलांनी पत्रकाचा कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यातला जयजयकार खोडला आणि तिथं लिहिलं, मुलींच्या वेण्यांकडं लक्ष द्या. आमच्या घरातून निघालेलं सगळ्यात साधं पत्रक ते. त्यात कुणालाही सवाल नव्हता. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी ते वाचून घेतलं, आणि दोन ठिकाणांहून पोरी दवाखान्यात नेल्याचं कळलं. त्यांच्या पोटात काही निघालं नाही, पण सवय सुटली.

वैशाली उन्हाळ्यात परत आली ती गुबगुबीत होऊन. डोक्यावर बॉयकट. काकीनं स्वतः केस कापले होते. पुढं आम्ही सगळे शाळेतून बाहेर पडलो आणि पांगलो. सर निवृत्त झाल्याचं कानावर आलं. मी पुण्याला गेले आणि सभांमध्ये बोलायला लागले. कधी कुणी भर सभेत माझ्या बोलण्यातली चूक दाखवली की आधी संताप यायचा. मग तो काट मारलेला फळा आठवायचा आणि बरं वाटायचं. चूक कबूल केली म्हणून माणूस कोसळत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

सरांना शेवटचं बघितलं ते वैशालीच्या लग्नात, दोन हजारनंतरच्या कुठल्यातरी वर्षात. गोरज मुहूर्त होता. मांडवात गर्दी, स्पीकर, पळापळ. सर एम-एटी गाडीवर आले होते, आणखी वाळलेले. दिवस मावळल्यावर ते काही खायचे नाहीत, म्हणून मुहूर्ताच्या आधीच त्यांना एकट्याला पाट मांडला होता. वाढायला शालन काकीच होती. केस पिकलेले, कमरेला किल्ल्या, सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत होतं. सर सावकाश जेवत होते, एकेक घास चावून चावून. काकी घाई करत नव्हती.

त्यांच्या शेजारी आजी भिंतीला टेकून बसली होती. तिला आता दिसत नव्हतं. सरांना वाढून झाल्यावर काकी तिच्यापुढं बसली, वाटीत आमटी-भात कालवला आणि घास तिच्या ओठांशी नेला. आजीनं तोंड उघडलं, चावलं आणि कुरकुरली, "मीठ कमी पडलंय गं शालन."

"मास्तर काय बोललं न्हाईत."

"त्यास्नी काय कळतंय मिठातलं? पुढचा दे."

सरांनी हात धुतले, टोपी सारखी केली आणि गाडीपाशी गेले. गाडीला किक मारायच्या आधी त्यांनी एकदा मांडवाकडं वळून बघितलं. काकीचा हात वर जात होता आणि आजीनं आधीच तोंड उघडून ठेवलं होतं. सर तेवढंच बघत थोडा वेळ उभे राहिले. मग उजेड जायच्या आत निघून गेले.